पिशवीवरचं वाक्य

९ जानेवारी

प्रिय वहिनी,

फोन केला नाही म्हणून रुसू नकोस. माझ्या डाव्या कानाने कायमची रजा घेतली आहे आणि उजवा मनात येईल तेव्हा कामावर येतो. परवा तुझा नवरा, म्हणजे आमचा शहाणा, फोनवर बराच वेळ काहीतरी सांगत होता आणि मी 'हो, हो' म्हणत राहिले. कशाला हो म्हटलं ते अजून कळलेलं नाही. तेव्हा यापुढे आपण दोघी पत्रंच लिहू.

तुझ्या कंपनीच्या पिशव्यांची खोकी आली. ओल्या कचऱ्याच्या हिरव्या पिशव्या, वर पान, पानाखाली 'मातीतून आली, मातीत जाईल'. हे वाक्य तुझं, असं शहाण्याने मागेच कॉलर ताठ करून सांगितलं होतं. दुकानात शिरल्या शिरल्या दिसेल अशा फळीवर त्या मांडल्या आहेत, साबणवालीच्या बाटल्यांशेजारी. साबणवाली तुला माहीत नाही. मागच्या गल्लीत जुन्या लॉन्ड्रीच्या जागेत ती भांड्यांचा आणि कपड्यांचा पातळ साबण बनवते. रिकामी बाटली द्यायची, भरलेली न्यायची. तोंडाने फटकळ, पण कामाला चोख. तिची गिऱ्हाइकं एकेक करून जमली आहेत, आणि तुझ्या पिशव्याही त्याच लोकांनी उचलल्या.

त्यांत कर्नल पहिले. सैन्यात ते कधीच नव्हते, शाळेत कवायत शिकवायचे. पण चालतात तसे, म्हणून कर्नल. आमच्या इमारतींमागे सगळ्यांची मिळून एक बाग आहे, तिच्या खताचं काम ते बघतात. त्यांनी पिशवी उजेडात धरून विचारलं, "बाई, ही खरंच मातीत विरघळते?"

मी म्हटलं, "आमच्या वहिनीने लिहिलंय. आमच्या घरात खोटं लिहीत नाहीत."

आता सांग, विरघळण्यासाठी काही वेगळं करावं लागतं का? लोक दुकानदारालाच विचारतात. आधी माहीत असलेलं बरं.

तुझी,
ताई


२१ जानेवारी

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र ऑफिसात नेऊन वाचून दाखवलं. कर्नलना दिलेलं तुमचं उत्तर ऐकून आमचे साहेब म्हणाले, "हे तर जाहिरातीत घ्यायला हवं." मी दिवसभर तरंगत होते.

तुम्ही फोनवर कशाला हो म्हणालात तेही सांगून टाकते. मे महिन्यात आम्ही दोघं तुमच्याकडे चांगले पंधरा दिवस राहायला येणार आहोत. आता माघार नाही.

पिशव्यांची काळजी नको. प्रयोगशाळेत तपासल्या आहेत, रीतसर प्रमाणपत्र आहे. ओल, ऊब आणि धीर, एवढंच लागतं. कर्नलना म्हणावं, पहिल्या दोन गोष्टी बागेत असतात आणि तिसरी कवायतीच्या मास्तरांकडे असायलाच हवी.

तुमची,
वहिनी


२६ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

तुझी पत्रं हल्ली फार आखूड येतात. तब्येत बरी आहे ना? मे महिन्यात आलीस तेव्हाही जरा ओढलेली वाटलीस. कर्नलांचा खताचा खड्डा दाखवते म्हटलं, तर ऊन लागतंय म्हणालीस आणि तो बघायचा राहूनच गेला.

काल त्यांनी तो उघडला. भाज्यांची सालं, अंड्यांची टरफलं, वाळका पाला, सगळ्याचं काळंभोर खत झालेलं. आणि त्यात तुझ्या पिशव्या. काही अख्ख्या, काहींच्या चिंध्या. एकीवरचं पान इतकं टवटवीत की धुऊन पुन्हा फळीवर ठेवावी.

कर्नलांनी त्यातल्या दोन नळाखाली धुतल्या, घडी घातली आणि दुकानात आणून माझ्यासमोर ठेवल्या. आणखी गिऱ्हाइकं उभी होती. ते शांतपणे म्हणाले, "बाई, एवढ्या वेळात मला दुसरी नात झाली. पिशवी आहे तशी आहे."

मी म्हटलं, "पाणी कमी पडलं असेल."

"असेल," ते म्हणाले.

त्यांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. पण ते काही न घेता गेले, आणि मागे उभी असलेली आमच्या गल्लीतली शिवणकामवाली हातातलं पिशव्यांचं पाकीट हळूच फळीवर ठेवून गेली. वाईट म्हणजे खड्ड्याचा वरचा थर बागेतल्या काहींनी उन्हाळ्यातच न चाळता वाफ्यांमध्ये पसरला होता. तिथे आता मातीत बारीक बारीक हिरवे तुकडे निघताहेत. लोक ओणवे होऊन बोटांनी वेचताहेत. मीही काल संध्याकाळी वेचत होते. पाठ धरली आहे.

माझी खात्री आहे, आमच्याच हातून काहीतरी चुकलं. नक्की काय करायला हवं होतं ते नीट विचारून कळव. लोकांना सांगायला तोंड हवं.

तुझी,
ताई


४ ऑक्टोबर

ताई, नमस्कार.

तुमची पाठ कशी आहे? गरम पाण्याने शेका, आणि वेचायला इतर माणसं आहेत, तुम्ही वाकू नका.

पिशव्यांबद्दल वाचून वाईट वाटलं. लहान खड्ड्यात कधीकधी ऊब कमी पडते. मी इथे चौकशी करते. एक विनंती आहे. तुम्ही किंवा कर्नल, कोणी लेखी तक्रार करू नका. एकदा कागद झाला की गोष्ट वाढते. मला आतल्या आत बघू द्या.

घाईत आहे.

तुमची,
वहिनी


१९ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तू नको म्हणाली होतीस, पण कर्नल काही माझ्या मुठीत नाहीत. महिनाभर वाट बघून त्यांनी तुमच्या कंपनीला लिहिलं आणि ग्राहक तक्रार कार्यालयालाही. बागेतल्या सगळ्यांनी सह्या केल्या. मी केली नाही. वहिनीच्या कंपनीविरुद्ध सही कशी करू, म्हटलं. त्या दिवशी मला कोणी सोबत चहालाही बोलावलं नाही.

परवा कंपनीचं उत्तर आलं. कर्नलांनी ते दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं, मुद्दाम माझ्या उजव्या कानाशी. तुला त्यातलं उतरवून पाठवते: 'आमचे उत्पादन तपासणीत पूर्णपणे विरघळलेले आहे. विघटनासाठी पुरेशी ओल, ऊब आणि धीर आवश्यक असतो. आपल्या खड्ड्याची योग्य निगा राखली गेली नसावी असे दिसते.'

कर्नलांच्या खड्ड्याची निगा! वहिनी, तो माणूस त्या खड्ड्याला आजारी माणसासारखा जपतो, रोज सकाळी जाऊन हात लावून बघतो. उत्तराखाली नाव नाही, नुसतं 'ग्राहक सेवा'. कोण कारकून बसलाय तुमच्याकडे, त्याला एकदा इथे पाठव. मी त्याला वाफ्यात वाकायला लावते, म्हणजे निगा काय असते ते कळेल. असल्या माणसांमुळे तुझ्यासारखी चांगली माणसं बदनाम होतात.

पण मी लिहितेय ते वेगळ्याच कारणासाठी. पिशव्या कोणी घेत नाही, ते समजू शकते. आता साबणही कोणी घेईना. शिवणकामवाली साबणवालीच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. काल ती रिकामी बाटली घेऊन आली आणि परत द्यायची आहे, भरलेली नको म्हणाली. मी विचारलं, "साबणात काही वाईट निघालं का?"

"नाही हो, साबण चांगला होता. पण पिशवीही चांगलीच वाटली होती. आता कोणाचं खरं मानायचं? हिरवं दिसलं की मी हात मागे घेते."

साबणवाली तेव्हा दुकानातच होती, भरलेला खोका उतरवत होती. तिने तो खोका तसाच उचलला आणि परत नेला. जाता जाता म्हणाली, "मी काय केलं?" माझ्याच हाताने मी तिच्या बाटल्यांशेजारी तुझ्या पिशव्या मांडल्या होत्या.

चौकशीचं काय झालं? दीड महिना झाला.

तुझी,
ताई


१ डिसेंबर

ताई,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता सरळ लिहिते.

ते उत्तर मी लिहिलं. कारकून वगैरे कोणी नाही. कर्नलांची तक्रार माझ्याच टेबलावर आली, पिशवीवरचे शब्द माझे म्हणून उत्तरही माझ्याकडून मागितलं. तुमच्या बागेचा पत्ता मी ओळखला आणि तरीही लिहिलं.

पिशवी विरघळते हे खोटं नाही. पण ती विरघळते खताच्या मोठ्या कारखान्यात, जिथे ढीग इतका तापवतात की त्यात हात घालवत नाही. प्रयोगशाळेतही तेवढीच उष्णता दिली होती. बागेतल्या खड्ड्यात तेवढी ऊब कधीच येत नाही, कर्नलांनी त्याला रजई पांघरली तरी. तसे कारखाने फार थोडे आहेत आणि बहुतेक लोकांचा कचरा तिथे जातच नाही.

जानेवारीत तुम्हाला लिहिलं तेव्हा मला हे माहीत नव्हतं, एवढं खरं माना. मार्चमध्ये एका बैठकीत कळलं. तपासणी करणाऱ्या बाईने स्वतःच सांगितलं. मी म्हटलं, मग पिशवीवर तसं छापूया, 'घरच्या मातीत विरघळत नाही'. साहेब हसले. म्हणाले, "मग ती घेणार कोण?" सगळे हसले. मीही हसले, ताई. ते मला आता फार आठवतं.

मे महिन्यात तुमच्या बागेकडे आले नाही ते उन्हामुळे नाही.

मला वाटायचं, एवढंसं अर्धवट वाक्य आहे, त्याने कोणाचं काय बिघडतंय? कचरा टाकणारा टाकेल आणि विसरेल. साबणवालीचं काही माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. या जगात असं कोणी असेल की जे आमच्यासारखंच बोलतं आणि खरं बोलतं, आणि आमच्यामुळे त्याच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे मला सुचलं नाही.

तुमच्या भावाला यातलं काही माहीत नव्हतं. काल सांगितलं.

वहिनी


१० डिसेंबर

सौ. वहिनी यांस,

आपलं पत्र मिळालं.

उरलेल्या पिशव्या आज फळीवरून काढल्या. त्यांच्या जागी एक कागद लावला आहे: 'या पिशव्या घरच्या मातीत विरघळत नाहीत. विरघळतात असं मी सांगितलं होतं, ते चुकीचं होतं.' खाली माझी सही. कर्नलांच्या तक्रारीवरही आज सही करून आले.

गिऱ्हाइकं कागद वाचतात आणि माझ्याकडे बघतात. एकजण म्हणाली, "बाकीच्या वस्तूंचं काय?" मी एकेक वस्तू हातात घेऊन बघितली. निम्म्यांवर पानं, झाडं, पृथ्वीचे गोळे आहेत. त्यातल्या कशाचं मला काय माहीत आहे, असं स्वतःला विचारलं, तर काहीच नाही. इतकी वर्षं मी ती विकते आहे.

साबणवाली आता सकाळी एका हॉटेलच्या कपड्यांच्या धुलाईला जाते. साबणाचं काम दुपारपुरतं उरलं आहे.

आपली चूक आपण कळवलीत, ते बरं केलंत. पण आपल्याशी काय बोलावं ते मला सध्या सुचत नाही. तुम्ही दोघं तब्येती सांभाळून राहा.

ताई


२८ जानेवारी

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला 'आपण' म्हणालात. ते पत्र मी कपाटात ठेवलं आहे आणि पुन्हा काढलेलं नाही. उत्तर आलं नाही तरी चालेल, पण झालं ते माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते.

मागच्या आठवड्यात तक्रार कार्यालयात सुनावणी झाली. ते उत्तर माझं म्हणून कंपनीने मलाही नेलं होतं. छोटीशी खोली, रंगाचे पोपडे निघालेले, एक पंखा आणि सर्दी झालेल्या अधिकारी बाई. समोरच्या बाकावर कर्नल. मांडीवर बादली, बादलीत बागेची माती. मे महिन्यात दुकानात भेटलो होतो, त्यांनी मला ओळखलं. मान हलवली, जशी कुठल्याही ओळखीच्या माणसाला हलवतात तशी.

कंपनीचे वकील म्हणाले, "योग्य परिस्थितीत पिशवी शंभर टक्के विरघळते."

बाईंनी नाक पुसत विचारलं, "ही योग्य परिस्थिती सामान्य माणसाला मिळते कुठे?"

वकिलांनी माझ्याकडे बघितलं. काय म्हणायचं ते आम्ही गाडीत ठरवलं होतं. 'ग्राहकाने आपल्या भागातील सुविधेची माहिती घ्यावी', असं वाक्य होतं, तेही मीच तयार केलं होतं. मी म्हटलं, "घरी मिळत नाही. बागेतही नाही. आम्हाला हे मार्चपासून माहीत आहे."

बाईंनी मला ते पुन्हा सांगायला लावलं आणि लिहून घेतलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं गेलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "तू आता आमच्यात बसून काम कसं करणार?" रागाने नाही, खरोखरच विचारत होते. दुपारी राजीनामा दिला. टेबलातले दोन कप आणि एक कुंडी घेऊन घरी आले.

तुमचा शहाणा काही दिवस बोलत नव्हता. माझ्या खोटेपणाचा राग की नोकरी गेल्याचा, ते त्यालाही नीट सांगता येईना. मग एकदा भांडी विसळता विसळता म्हणाला, "ताईला कळवलंस का?" म्हणून हे पत्र.

कर्नलना माझा नमस्कार सांगा. त्यांनी घेतला तर.

तुमची,
वहिनी


११ मार्च

प्रिय वहिनी,

उत्तराला उशीर झाला. राग होता, खोटं कशाला सांगू. शिवाय काय लिहायचं ते ठरत नव्हतं, आणि अर्धवट लिहिण्याचे परिणाम आपण दोघींनी बघितलेत.

सुनावणीहून कर्नल आले ते बादलीसकट थेट दुकानात. काय झालं विचारलं, तर म्हणाले, "तुमच्या वहिनी होत्या. बोलल्या." एवढंच. पण बराच वेळ गेले नाहीत, फळ्या बघत उभे राहिले. माझ्या मते त्यांच्या हिशेबी ते मोठं भाषण होतं. तुझा नमस्कार सांगितला. म्हणाले, "बरं."

निकाल तुला कळला असेलच. कंपनीला ते वाक्य काढावं लागलं. मागच्या आठवड्यात त्यांचा विक्रेता नव्या नावाची पिशवी घेऊन आला. पानाच्या जागी आता फुलपाखरू आहे. मी विचारलं, "ही कुठे विरघळते?" तो म्हणाला, "विचारून सांगतो." गेला तो गेलाच. दुसऱ्या दुकानांत ती लागली आहे आणि खपतेही आहे.

म्हणजे जिंकलो असं काही समजू नकोस. आमच्याकडची निम्मी गिऱ्हाइकं परत आलेली नाहीत. शिवणकामवालीला मी सगळं समजावून सांगितलं, तुझं नाव घेऊन सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, तुमच्यावर माझा राग नाही. पण आता मी वाचतच नाही. स्वस्त असेल ते घेते. डोक्याला ताप नाही." एके काळी ती बाटली हातात घेऊन प्रत्येक शब्द वाचायची.

साबणवालीने मात्र एक गोष्ट केली. लॉन्ड्रीच्या काचेवर तिने साबणात काय काय घालते ते लिहून लावलं आणि दुपारी दार उघडं ठेवायला लागली. ज्याला बघायचं त्याने आत येऊन बघावं. त्या यादीत शेवटी तिने लिहिलं, 'वास विकतचा आहे. त्यात काय असतं ते मला पूर्ण माहीत नाही.' मी तिला म्हटलं, "अगं, हे कशाला? आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेस." ती म्हणाली, "माहीत नाही ते नाही. उद्या कोणी विचारलं तर कोणत्या तोंडाने सांगू?"

कर्नल दुपारी गेले. मी दुकानाच्या मागच्या दारातून बघत होते. काचेसमोर उभं राहून सगळं वाचलं, शेवटच्या ओळीशी थांबले, पुन्हा वाचली. मग आत गेले. बऱ्याच वेळाने बिनवासाच्या साबणाची बाटली घेऊन बाहेर आले. त्यांच्या मागून दुसऱ्या दिवशी बागेतली आणखी दोघं गेली. गर्दी म्हणावी असं काही नाही, पण तिने हॉटेलची धुलाई सोडली आहे.

आता मुद्द्याचं. तिला ती यादी नीट लिहून हवी आहे, बाटलीवर लावण्यासाठी. तिचं अक्षर कोंबडीचे पाय, आणि शब्द सुचत नाहीत म्हणते. मी म्हटलं, माझी वहिनी हेच काम करायची. मग ती पिशवीवालीच, हेही सांगितलं. तिच्यापासून लपवून तुला तिच्या दारात उभं करणं मला जमलं नसतं.

ती कढईतला साबण ढवळत होती. थांबली नाही. म्हणाली, "म्हणजे वाक्यात खोटं कुठून शिरतं ते तिला माहीत आहे. पाठवा तिला."

तेव्हा ये. शहाण्यालाही आण, नाहीतर तिथे एकटा काहीबाही शिजवून खाईल. सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा आधी वाफ्यांकडे जाऊ. तुकडे अजून निघताहेत.

तुझी,
ताई